हिब्रू आणि हंगेरियन, एकाच पदवीत?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला, कला शाखेत आहे. लंडनला जाऊन हिब्रू आणि हंगेरियन या दोन भाषा एकत्र घेऊन बी.ए. करायचं, असं तिने ठरवलंय. शाळेत तिची जर्मन होती, गुणही चांगले होते. ह्यांचं म्हणणं, जर्मनच कर, निदान नोकरी तरी लागेल. वेळ आली तर फ्लॅट तारण ठेवायचीही आमची तयारी आहे. काय करावं? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी एकच सांगतो, फ्लॅट तारण ठेवू नका. बाकीचं आता सावकाश बोलू.

मुलीने ही जोडी चिठ्ठ्या टाकून काढलेली नाही. हिब्रू ही अरबीची बहीण आणि हंगेरियन ही फिनिशची लांबची नातलग, तेव्हा व्याकरणात एकीचा दुसरीला काडीचा उपयोग नाही. जोडी जुळते ती हंगेरीतल्या ज्यूंच्या इतिहासात; हिब्रू ही ज्यूंची भाषा. ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ उभी करणारे थिओडोर हर्झल १८६० साली बुडापेस्टमध्ये जन्मले. युरोपातलं सर्वांत मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्याच शहरात, दोहान्य रस्त्यावर आहे. १९४४ च्या मे ते जुलैदरम्यान हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यूंना, बहुतेकांना ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत, पाठवलं गेलं. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे इस्रायलला गेले आणि १९४८ पासून तेल अवीवमध्ये ‘उय केलेत’ हे हंगेरियन वृत्तपत्र निघू लागलं. अशा एखाद्या घराचे कागद डोळ्यांसमोर आणा. आजोबांच्या थडग्यावरचा मजकूर हिब्रूत, नातवाने १९४५ मध्ये परत आल्यावर दिलेली साक्ष हंगेरियनमध्ये, आणि त्याचं पुढचं आयुष्य इस्रायली दप्तरांत पुन्हा हिब्रूत. हे सगळं स्वतः वाचू शकणारा अभ्यासक सहज सापडत नाही. मुलीला यात रस असेल तर तिची निवड पक्की आहे. नुसतं ‘काहीतरी वेगळं’ म्हणून असेल, तर दुसऱ्या वर्षी ती रडकुंडीला येईल.

कारण दोन्ही भाषा घाम काढतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि स्वर बहुधा लिहीतच नाहीत; शब्द माहीत असेल तरच तो वाचता येतो. हंगेरियन मराठी माणसाला आधी ओळखीची वाटते : हाझ म्हणजे घर, हाझबॉन म्हणजे घरात, हाझॉमबॉन म्हणजे माझ्या घरात. आपल्यासारखेच प्रत्यय. पण अशा विभक्ती अठराच्या आसपास आहेत, आणि बहुतेक प्रत्ययांचे स्वर शब्दाप्रमाणे बदलतात.

आता नोकरी. युरोपीय संघात हंगेरियन अधिकृत भाषा आहे हे खरं, पण तिथले अनुवादक मुख्यतः स्वतःच्या मातृभाषेत अनुवाद करतात आणि त्या पदांना सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. ते दार तिच्यासाठी बंद धरा. उरतात ती संशोधन, अभिलेखागारं, संग्रहालयं, विद्यापीठं. पगार बेताचे, जागा मोजक्या, आणि पीएच.डी.शिवाय फारसं जमत नाही.

म्हणूनच लंडनची पदवी नको म्हणतो. तिथल्या यूसीएलमध्ये (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) हिब्रूचा विभाग आहे, हंगेरियन शिकवणारी १९१५ ची जुनी संस्थाही १९९९ पासून तिच्यातच आहे. शिकवतात उत्तम. पण परदेशी विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासकट पदवीचा खर्च कोटीच्या वर जातो, आणि या क्षेत्रातल्या पगारावर ते कर्ज फिटत नाही. शिष्यवृत्ती मिळत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही दोन्ही भाषा शून्यापासून एकदम सुरू करू देतात का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा.

माझं मत : बी.ए. इथेच, इतिहास घेऊन. दिल्लीला पाठवायची तयारी असेल तर दिल्ली विद्यापीठात हंगेरियन शिकवली जाते आणि हंगेरीचं सांस्कृतिक केंद्रही त्याच शहरात आहे. पदवीनंतर ‘स्टिपेंडियम हंगारिकुम’ या हंगेरी सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करावा. शिक्षण शुल्क माफ, वर दरमहा विद्यावेतन. हंगेरियनच्या उन्हाळी वर्गासाठी हंगेरीतच देब्रेत्सेनला १९२७ पासून चालणारं केंद्र आहे.

हिब्रू मात्र आजपासून. दोन्हींतली एकच निवडायची वेळ आली तरी मी हिब्रूच म्हणेन. त्यात तिच्याकडे लंडनच्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे मराठी. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकात हिब्रू धर्मग्रंथ मराठीत आणले. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादेत, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या पोथीत, हिब्रू आणि मराठी मजकूर एकत्र आहे. हे साहित्य दोन्ही बाजूंनी वाचणारे अभ्यासक हवेच आहेत.

आणि तुमच्या ह्यांचं जर्मनही मोडीत काढू नका. हंगेरीतल्या ज्यूंचे कितीतरी कागद जर्मनमध्ये आहेत, आणि संशोधनात नाहीच जमलं तर पुण्यात जर्मनवर नोकरी मिळते. बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे भाषा बऱ्यापैकी वापरता येईपर्यंत, तरी ती सोडू देऊ नका. हिब्रूची लिपी दिवाळीच्या सुट्टीत बसते का बघा. बसली, तर पुढचं पत्र मुलीलाच लिहू द्या.