पाळीच्या १३ व्या दिवशी केलेल्या तपासणीत एलएच जास्त आले, तर पीसीओडी समजावे का?

ताई, तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: वय ३२, लग्नाला दोन वर्षे, पाळी २८ दिवसांनी नियमित, रक्त दिले तो पाळीचा १३ वा दिवस, एफएसएच (बीजांड वाढवणारे हार्मोन) १४, एलएच (बीजांड बाहेर पाडणारे हार्मोन) ३८, एस्ट्राडिओल (बीजाशयातले मुख्य स्त्री-हार्मोन) २१०, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचे हार्मोन) ३१. एलएच हे एफएसएचच्या दुपटीहून जास्त आहे म्हणून हा पीसीओडीच (हार्मोनच्या बिघाडाशी जोडलेला बीजाशयाचा आजार), असे नणंदेने सांगितल्यापासून तुमची झोप उडाली आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये १४ वर्षे रक्तनमुने घेते, आणि असे रिपोर्ट हातात घेऊन रडवेल्या झालेल्या बायका मी अनेकदा पाहिल्या आहेत.

बीजांड बाहेर पडण्याच्या साधारण दीड दिवस आधी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच एकदम वाढवते, त्याच्यासोबत एफएसएचही काहीसे चढते आणि एस्ट्राडिओल त्याआधीच २०० च्या आसपास किंवा वर पोचलेले असते. तुमचे तिन्ही आकडे या क्रमात नेमके बसतात. म्हणजे ज्याला तुम्ही आजार समजत आहात, ती बहुधा बीजांड तयार होत असल्याची खूण आहे. रिपोर्टवर फॉलिक्युलर (बीजांड सुटण्याआधीचा काळ), मिडसायकल (सुटण्याच्या सुमाराचा) आणि ल्युटियल (सुटल्यानंतरचा) अशा वेगवेगळ्या ओळी छापलेल्या असतील, त्यांतली मिडसायकलची ओळ पाहा. एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडिओल यांची मूळ पातळी समजून घ्यायची असेल, तर रक्त पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी द्यावे लागते. चिठ्ठीवर पाळीची तारीख लिहायची राहून जाते आणि मग पुढचा सगळा घोळ होतो, याचे मला फार वाईट वाटते.

शिवाय पीसीओडीचे निदान आता एलएच-एफएसएचच्या प्रमाणावरून करत नाहीत. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतील बीजाशयाचे स्वरूप, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिनचे दोष आधी वगळावे लागतात.

प्रोलॅक्टिनचे म्हणाल, तर ते ताणानेही वाढते. मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीने आलेली एक मुलगी स्टँडवरून धावतपळत लॅबमध्ये शिरली आणि तिचे रक्त लगेच घेतले गेले; आकडा ३४ आला. आठवड्याने तिला अर्धा तास शांत बसवून पुन्हा रक्त घेतले, तेव्हा तो १८ होता. उलटीवरच्या आणि आम्लपित्तावरच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन चढते, म्हणून अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्याने काही हार्मोनचे आकडे चुकीचे येतात.

पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, उठल्यावर दोन तासांनी रक्त द्या, आणि दोन्ही रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना एकत्र दाखवा. या तपासण्या मूल होण्यासाठी करत असाल, तर आणखी एक: तुमच्या प्रश्नात पतीच्या वीर्यतपासणीचा उल्लेख नाही. ती झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, तिला पाळीच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.