बूटेबल पेनड्राइव्ह: विकतचे सॉफ्टवेअर की मोफतचे?

प्रश्न: कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर सुरू करून विंडोज किंवा लिनक्स टाकता येते तो, बनवणारे रुफस मोफत मिळते, पण गिऱ्हाइकाच्या कामासाठी विकतचे सॉफ्टवेअर जास्त भरवशाचे का?

उत्तर: नाही. पेनड्राइव्हचे पार्टिशन (विभाग) करायचे आणि आयएसओतल्या, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कच्या एका फाइलीतल्या प्रतीतल्या, फाइली त्यावर टाकायच्या, एवढेच हे काम. रुफस आणि व्हेंटॉय (एका पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवू देणारे सॉफ्टवेअर) जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहेत. दुकानात वापरले तरी शुल्क नाही. अल्ट्राआयएसओ या विकतच्या सॉफ्टवेअरला पैसे मोजायचे ते आयएसओ उघडून आतल्या फाइली बदलण्यासाठी. त्याची चाचणी आवृत्ती ३०० एमबीपेक्षा मोठी आयएसओ सेव्ह करू देत नाही. हे काम रोजचे असेल तर जरूर घ्या. क्रॅक केलेली प्रत मात्र कधीच नको. तो पेनड्राइव्ह दिवसभर लोकांच्या मशीनमध्ये जातो, व्हायरस असेल तर तोही सगळीकडे पोहोचतो.

प्रश्न: रुफसने केलेला विंडोज १० चा पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपवर चालतो, जुन्या डेस्कटॉपवर बूटच होत नाही. सॉफ्टवेअर बदलू का?

उत्तर: बदलू नका. रुफसमध्ये ‘पार्टिशन स्कीम’ (विभागणीची पद्धत) जीपीटी, म्हणजे नवी, ठेवली असणार. जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) एमबीआर ही जुनी पद्धत लागते. ती निवडून पेनड्राइव्ह पुन्हा करा. आतला डेटा पुसला जाईल, तो आधी काढून ठेवा. फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर फाइली हाताने कॉपी करणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि विंडोजची ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही मुख्य फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. रुफस अशा वेळी एनटीएफएस फॉरमॅट वापरते आणि यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला नवा प्रोग्राम) बूटसाठी शेजारी एक छोटे पार्टिशन ठेवते.

प्रश्न: व्हेंटॉयवर पाच आयएसओ टाकल्या. एका लॅपटॉपवर निळ्या चौकटीत ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ येते. पेनड्राइव्ह खराब आहे का?

उत्तर: पेनड्राइव्ह ठीक आहे. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) चालू आहे आणि त्या मशीनला व्हेंटॉयची की (ओळखीची डिजिटल खूण) अजून ओळखीची नाही. ‘ओके’ करा, मग कोणतेही बटण दाबा. ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडा, ‘व्हीटॉयईएफआय’ उघडा आणि ‘एनरोल धिस की’ने सुरू होणारी फाइल घ्या. पुढे ‘कंटिन्यू’, ‘येस’, ‘रीबूट’. एका मशीनवर एकदाच करावे लागते. घाईत सिक्युअर बूट बंद करू नका. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे डेटा कुलूपबंद करणारे साधन) असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि गिऱ्हाइकाकडे ती नसेल तर डेटा अडकलाच.

प्रश्न: एचर या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने लिनक्स टाकल्यापासून १६ जीबीचा पेनड्राइव्ह अगदी छोटा दिसतो.

उत्तर: लिनक्सची पार्टिशन विंडोजला नीट दिसत नाहीत, म्हणून. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘डिस्कपार्ट’ चालवा, ‘लिस्ट डिस्क’ने यादी काढा. आकार पाहून पेनड्राइव्हचाच क्रमांक निवडा, दोनदा तपासा, मग ‘क्लीन’ द्या. चुकीची डिस्क निवडून ‘क्लीन’ दिले तर हार्ड डिस्क साफ होईल. ‘क्लीन’ झाल्यावर नवे पार्टिशन करून फॉरमॅट मारा.