‘एअरेन्दिल’ हे नाव घडवलेले की घेतलेले?

प्रश्न असा आहे: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे इंग्रज लेखक टोल्किन यांनी आपल्या कथांतील एल्फ या काल्पनिक लोकांसाठी रचलेल्या क्वेन्या या भाषेतील ‘एअरेन्दिल’ हे नाव त्यांनी स्वतः घडवले की जुन्या इंग्रजीतून घेतले? आणि घेतले असेल, तर ‘समुद्राचा भक्त’ हा त्याचा अर्थ केवळ मागाहून चिकटवलेला मानायचा का?

नाव जुन्या इंग्रजीतूनच आले आहे. इंग्लंडमधील एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये जपलेल्या दहाव्या शतकातील हस्तलिखितात ‘क्राइस्ट’ या नावाने ओळखले जाणारे काव्य आहे. त्यात ‘एआला एआरेन्देल’ अशी हाक असून पुढे त्याला ‘देवदूतांमधील सर्वांत तेजस्वी’ म्हटले आहे. विद्यार्थिदशेत टोल्किन या शब्दाच्या नादमाधुर्याने भारावले आणि सप्टेंबर १९१४ मध्ये त्यांनी या नावाच्या नाविकावर कविता लिहिली. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये फ्रोडो या नायकाच्या तोंडी ‘आइया एअरेन्दिल’ ही हाक येते आणि तीत ‘ताऱ्यांमधील सर्वांत तेजस्वी’ असे संबोधन आहे. देवदूतांच्या जागी तारे आले, बाकी रचना जुन्या ओळीचीच राहिली. उगमाचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

या नावाचे नातेवाईक इतर जर्मानिक भाषांतही, म्हणजे इंग्रजीच्या भगिनीभाषांतही, आढळतात. नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, कथेतील आउरवान्दिलचे गोठलेले पायाचे बोट ‘थोर’ नावाचा देव मोडतो आणि आकाशात फेकून त्याचा तारा करतो. पुष्कळ अभ्यासक या नावाच्या पूर्वपदाचा संबंध पहाटवाचक आद्य मुळाशी जोडतात. संस्कृत ‘उषस्’ आणि आपली ‘उषा’ त्याच मुळातून आल्या आहेत.

आता अर्थाविषयी. १९६७ मधील एका पत्राच्या मसुद्यात टोल्किन यांनी याचा खुलासा केला आहे. ज्या काळात कथेत या व्यक्तीसाठी जागा तयार होत होती, त्याच काळात हे नाव एल्फांच्या भाषाव्यवस्थेतही बसवावे लागले आणि त्यातूनच ‘समुद्र’ या अर्थाचा व ‘भक्ती असणे, प्रेम असणे’ या अर्थाचा असे दोन धातू निर्माण झाले. ‘चिकटवलेला अर्थ’ हे वर्णन मला पटत नाही ते यामुळे. नुसता अर्थ चिकटवला असता तर तो त्या एका नावापुरता उरला असता. इथे मात्र उत्तरपदातील ‘न्दिल’ ‘एलेन्दिल’ या नावातही आहे, आणि त्याच्या शेजारी ‘न्दुर’ हे ‘सेवा करणे’ या अर्थाचे दुसरे पद उभे आहे. पहिल्यात स्वतःच्या ओढीने केलेली भक्ती आहे, दुसऱ्यात स्वामीची किंवा कामाची चाकरी. म्हणून एअरेन्दिल हा समुद्राच्या ओढीने जाणारा, तर ‘एअरेन्दुर’ हा पेशाने खलाशी, असा भेद टोल्किन स्वतः करतात. आपल्याकडील ‘रामभक्त’ आणि ‘रामदास’ या समासांकडे पाहिले की हा भेद मराठी वाचकाला चटकन कळेल.

उच्चाराबाबत एक सूचना. जुन्या इंग्रजीत आरंभीचा ‘एआ’ हा एकाच अक्षरात उच्चारला जाणारा संयुक्त स्वर होता. क्वेन्यात मात्र ‘ए’ आणि ‘अ’ वेगवेगळे उच्चारायचे असतात, रोमन लिपीत स्वरावर दोन टिंबे देतात ती एवढ्याचसाठी. त्यामुळे देवनागरीत ‘इअरेंडिल’ लिहू नये, ‘एअरेन्दिल’ लिहावे, आणि आघात ‘रेन्’वर द्यावा.