शंका-समाधान : डेथ व्हॅलीत आरव्हीचा मुक्काम कुठे करावा?

प्रश्न : आम्ही लॉस एंजेलिस परिसरात राहतो. डिसेंबरच्या अखेरीस भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन ३० फूट लांबीच्या भाड्याच्या आरव्हीने (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने) डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात चार रात्री राहण्याचा विचार आहे. वडिलांना झोपताना सीपॅप यंत्र (श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे, विजेवर चालणारे यंत्र) लावावे लागते. डोंगरातले वाइल्डरोज कॅम्पग्राउंड शांत असल्याचे ऐकले आहे, तर काही मित्र सनसेट कॅम्पग्राउंड सुचवतात. हुकअपची, म्हणजे गाडीला बाहेरून वीज जोडता येईल अशी जागा खरोखरच हवी का, की आरव्हीच्या बॅटरीवर भागेल?

उत्तर : वाइल्डरोजचा विचार आपण सोडून द्यावा. तेथे २५ फुटांपेक्षा लांब वाहनाला परवानगी नाही, त्यामुळे आपल्या आरव्हीचा प्रश्न तिथेच संपतो. मात्र वाहन लहान असते तरीही मी ती जागा सुचवली नसती, आणि त्याचे कारण उंची हे आहे. या उद्यानात बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीखाली २८२ फुटांवर आहे, फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीखाली १९६ फुटांवर, वाइल्डरोज सुमारे ४,१०० फूट उंचीवर, तर महॉगनी फ्लॅट ८,००० फुटांच्याही वर आहे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण ६ ते ७ अंश सेल्सियसने उतरते. फर्नेस क्रीकला डिसेंबर-जानेवारीत दिवसा सरासरी १८-१९ अंश आणि पहाटे ४ अंशांच्या आसपास तापमान असते. त्यातून आठ-नऊ अंश वजा केले की वाइल्डरोजची पहाट गोठणबिंदूखाली जाते. १९१३ मध्ये जिथे ५६.७ अंशांची नोंद झाली, त्या उद्यानात कोणी हीटरची चिंता करत बसेल हे ऐकायला विचित्र वाटते खरे, पण हिवाळ्यातील मुक्कामाची जागा दुपार पाहून नव्हे, तर पहाट पाहून ठरवावी लागते.

आता विजेकडे वळू, कारण आपल्या बाबतीत तोच कळीचा मुद्दा आहे. आरव्हीचा हीटर प्रोपेनवर चालतो, म्हणून त्याला वीज लागत नाही असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गरम हवा आत ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि तो साधारण ८ अँपिअर ओढतो. उद्यानातील ज्या कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटर चालतो तिथेही तो सकाळी ७ ते संध्याकाळी ७ एवढाच लावता येतो. टेक्सस स्प्रिंग्जमध्ये तर तो अजिबात चालत नाही. उरलेल्या १२ तासांत पंखा निम्मा वेळ जरी फिरला, तरी ४८ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांच्या साध्या शिशाच्या बॅटरीतून, तिचे नुकसान न करता, सुमारे निम्मीच म्हणजे ५० अँपिअर-तास वीज काढता येते. म्हणजे सीपॅप सुरू होण्याआधीच हिशेब संपलेला असतो. शिवाय इन्व्हर्टर नसलेल्या आरव्हीत भिंतीवरचे १२० व्होल्टचे सॉकेट हुकअप किंवा जनरेटरशिवाय निर्जीवच राहतात. भाड्याच्या अनेक गाड्यांत इन्व्हर्टर नसतो, हे आपण गाडी ठरवतानाच विचारून घ्यावे. छतावर सौर पॅनेल असले, तरी या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येतो, त्यामुळे सपाट ठेवलेल्या पॅनेलकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणून आपल्यासाठी हुकअप ही चैन नाही. उद्यानाच्या स्वतःच्या कॅम्पग्राउंडपैकी हुकअप फक्त फर्नेस क्रीकला आहेत आणि तेही १३६ जागांपैकी अवघ्या १८. त्यांचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुले होते, आणि नाताळच्या सुटीतील जागा फार काळ शिल्लक राहत नाहीत. प्रत्येक जागेपुढे वाहनाच्या लांबीची मर्यादा दिलेली असते, ती वाचूनच जागा निवडावी. हा मुक्काम मिळाला नाही, तर सुमारे २५ मैलांवरील स्टोव्हपाइप वेल्स येथे तिथल्या हॉटेलमार्फत चालणारे १४ हुकअपचे छोटे आरव्ही पार्क आहे. वाळूच्या टेकड्या तेथून अगदी जवळ आहेत, पण परिसर मोकळा असल्याने वारा सुटतो. झोपण्यापूर्वी ऑनिंग (गाडीबाहेर पसरायचे कापडी छत) गुंडाळून ठेवावे.

सनसेटबद्दल आपल्या मित्रांचे म्हणणे चुकीचे नाही. २७० जागांमुळे तिथे सोय होण्याची शक्यता अधिक असते, आणि ते फर्नेस क्रीकला लागूनच असल्याने थंडीही तेवढीच असते. मात्र ते खडी पसरलेले उघडे मैदान आहे. सावली नाही आणि हुकअपही नाहीत.

फिरण्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. झॅब्रिस्की पॉइंट आणि बॅडवॉटर येथे ३० फुटी आरव्ही जाते, पण आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांहून लांब वाहनाला मनाई आहे आणि डँटेज व्ह्यूच्या शेवटच्या चढावरही तोच अडसर आहे. कुटुंबातील एकाने लहान मोटार घेऊन सोबत यावे, हे मी आग्रहाने सांगेन. आई-वडिलांना मुक्कामी परत आणायचे असले, तरी प्रत्येक वेळी आरव्हीची जोडणी सोडवावी लागणार नाही. येताना पनामिंट खोऱ्यातून टाउन पासचा तीव्र घाट ओलांडण्यापेक्षा बेकरवरून, शोशोनीमार्गे उत्तरेकडे यावे. अंतर थोडे वाढले तरी इंजिन आणि ब्रेक दोन्हींना ते सोपे जाते. निघण्याच्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहावी, कारण वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस पडणाऱ्या या खोऱ्यात २० ऑगस्ट २०२३ रोजी एकाच दिवसात २.२ इंच पाऊस झाला आणि उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले होते.

दोन्ही ठिकाणी हुकअप मिळाले नाहीत, तर सनसेटला राहता येईल, पण सीपॅपसाठी त्याच यंत्राला चालणारी वेगळी बॅटरी घ्यावी, हवेला ओलावा देणारा हीटर बंद ठेवून ते यंत्र चालवणे वडिलांना मानवेल का हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे, आणि निघण्यापूर्वी घरीच एक पूर्ण रात्र त्या बॅटरीवर काढून पाहावी.