सुरू होणारं इंजिन घ्यावं की उघडून ठेवलेलं?

प्रश्न : ट्रक माझा स्वतःचा आहे आणि मीच चालवतो. सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. आता त्याच मॉडेलचं जुनं इंजिन घेऊन ते पूर्ण नव्याने बांधायचं ठरवलं आहे. दोन इंजिनं पाहिली. एक चालू करून दाखवतात. आवाज चांगला आहे, रंगही ताजा आहे. दुसऱ्याचं हेड उतरवलेलं आहे. ऑइलमध्ये पाणी आलं म्हणून ते गाडीतून काढलं असं सांगतात, आणि ते बरंच स्वस्त आहे. माझं मन पहिल्याकडे ओढतं. कॉम्प्रेशन गेजही मागून आणला आहे. काय करू?

उत्तर : ‘पूर्ण नव्याने बांधायचं’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून आधी तो गेज बाजूला ठेवा. कॉम्प्रेशनवरून कळते ती रिंगा, पिस्टन, लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि व्हॉल्व्हची तब्येत. रिंगा, पिस्टन, लायनर तुम्ही काढून टाकणारच आहात आणि व्हॉल्व्ह घासणार किंवा बदलणार आहात. जे भंगारात जायचं, ते धडधाकट आहे म्हणून जास्त पैसे कशाला मोजायचे? ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, किती वाफारा येतो, धूर निळा आहे का, हे इंजिन आहे तसं बसवणाऱ्याने बघावं. तुम्ही विकत घेताय ते ब्लॉक, क्रँक, हेड आणि कनेक्टिंग रॉड. त्यातही सगळ्यात आधी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा.

हे मला महागात पडून कळलं. धंद्यात नवीन असताना असंच रंगवलेलं, सेल्फ मारताच उठणारं इंजिन मी एका गिऱ्हाइकासाठी पसंत केलं. आणल्यावर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खोलला, मेन बेअरिंगची कॅप काढली आणि शेल, म्हणजे बेअरिंगचा अर्धगोल तुकडा, उलटा करून पुसला. पाठीवर छाप होता १.००. त्या इंजिनाला बेअरिंग ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अंडरसाइझ, म्हणजे क्रँक घासून तेवढा बारीक केल्यावर बसणाऱ्या, एवढ्याच मिळत. म्हणजे क्रँक आधीच शेवटच्या साइझला आला होता, आणि जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, नख अडकेल असे ओरखडे होते. पुन्हा ग्राइंड केला असता तर त्यावर बसणारी बेअरिंगच नव्हती. विकणारा खोटं बोलला नव्हता, इंजिन खरंच चालत होतं. विचारायचं ते मी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाची भरपाई मी केली. तेव्हापासून चेंबर खोलून पाहिल्याशिवाय मी कुणाला पैसे देऊ देत नाही.

म्हणून दोन्ही ठिकाणी एकच मागणी करा : चेंबर खोलू द्या, मधली एक मेन आणि दोन कनेक्टिंगच्या कॅप काढू द्या. तयार नसतील तर ते इंजिन सोडा. शेलच्या पाठीवरचा छाप वाचा. स्टँडर्ड किंवा ०.२५ असेल तर पुढे बोलणं करा. मग जर्नल कोरड्या फडक्याने पुसून त्यावर नख आडवं फिरवा. बारीक रेघ दिसते पण नख घसरून जातं, तर बहुधा पॉलिशवर भागतं. नख अडकलं तर ग्राइंडिंग आलंच. जर्नलवर निळसर किंवा तपकिरी झाक दिसली, तर तिथे बेअरिंग जळलेली आहे. तिथलं कडकपण गेलेलं असू शकतं आणि आत बारीक चिरा असू शकतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. असा क्रँक मॅग्नेटिक क्रॅक टेस्टशिवाय घेऊ नका. शेलच्या आतल्या बाजूला राखाडी थर झिजून तांब्याचा रंग उघडा पडला असेल तर बेअरिंग संपली आहे, पण तेवढ्याने घाबरू नका. बेअरिंग नवीच घालायची आहे.

आता त्या दुसऱ्या इंजिनाबद्दल. मला ते जास्त पटतं. त्याचा दोष समोर आहे आणि ते अर्धं उघडलेलं आहे. पण ऑइलमध्ये पाणी नेमकं कुठून आलं, हे शोधल्याशिवाय हो म्हणू नका. गॅस्केट किंवा ऑइल कूलर असेल तर काही बिघडलं नाही. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर असेल तर प्रेशर टेस्ट करा आणि हेडची किंमत वजा करून बोला. तुमच्या इंजिनात वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे लायनर, असतील तर एक लायनर ओढून काढायला लावा आणि आत बॅटरी मारा. लायनरच्या बाहेरच्या अंगावर, पाण्याच्या बाजूला, सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू कोरला जातो. बहुधा कूलंट वेळेवर न बदलल्याची ही खूण. लायनर टाकून देता येतो. ब्लॉकमध्ये खाली रबराच्या रिंगा जिथे बसतात ती जागा आणि वर लायनरची कड बसते ती बैठक मात्र बघा. तिथे ब्लॉक खाल्ला गेला असेल तर नव्या लायनरनेही पाणी चेंबरमध्ये उतरत राहील. बैठक मशीनवर दुरुस्त होते, पण तो वेगळा खर्च आधी विचारून घ्या.

पाणी ऑइलमध्ये किती दिवस पडून होतं, हेही विचारा. दुधाळ ऑइल महिनोन्‌महिने तसंच राहिलं असेल तर जर्नलवर गंजाचे खड्डे पडतात. उत्तर काहीही मिळो, कॅप काढल्यावर ते दिसतंच.

ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर कागदांशी जुळला पाहिजे. तो घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा.

तुमच्या फुटलेल्या इंजिनाचा पंप, नोझल, सेल्फ, फ्लायव्हील, हाउसिंग जपून ठेवा, तपासून वापरता येतील. ऑइल कूलर मात्र वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. रॉड तुटला तेव्हा धातूचा चुरा ऑइलबरोबर त्याच्या बारीक नळ्यांत जाऊन बसला आहे. कितीही धुतला तरी सगळा निघत नाही आणि नव्या बेअरिंगमध्ये येतो. टर्बोही उघडून साफ केल्याशिवाय चढवू नका.

प्रश्न : जुन्या इंजिनाची एक मेन कॅप तडकली आहे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनाची बसवली तर चालेल का?

उत्तर : नुसती बसवून चालणार नाही. मेन बेअरिंगची भोकं सगळ्या कॅप बोल्टने आवळून एका रांगेत बोअर केलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या ब्लॉकची कॅप केसाएवढी तरी सरकलेली बसते आणि क्रँक जड फिरतो. लाइन बोअरिंग करणारा चांगला मशीनवाला असेल तर कॅप बसवून सगळी भोकं पुन्हा एका रांगेत करून घ्या, नाहीतर ब्लॉक बदला. आणि यापुढे कॅप काढण्याआधी प्रत्येकीवर नंबर आणि पुढची बाजू पंचने ठोकून ठेवा.