सहकार सल्ला : नफा दिसतो, मग दरफरक का दिसत नाही?

(या सदरात सहकार क्षेत्रातल्या वाचकांच्या प्रश्नांना निवृत्त लेखापरीक्षक उत्तरं देतात.)

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत ऐंशीच्या आसपास सभासद दोन्ही वेळा दूध घालतात. अहवालात दरवर्षी नफा असतो, ऑडिट वर्ग ‘अ’ आहे. तरी दिवाळीला मिळणारा दरफरक (वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे मिळणारी जादा रक्कम) शेजारच्या गावापेक्षा निम्माच. सभेत विचारलं तर ‘संस्था नफ्यात आहे, अजून काय पाहिजे?’ असं ऐकवतात. अहवाल हातात आल्यावर आम्ही नेमकं काय बघायचं?
— एक दूध उत्पादक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तुम्हाला मिळालेलं उत्तर मी नोकरीभर गावोगावच्या सभांत ऐकलं आहे, आणि ते ऐकून गप्प बसणारे सभासदही पाहिले आहेत. तुम्ही गप्प बसला नाहीत याचा आनंद वाटला.

दूध संस्था दूध तुमच्याकडूनच घेते आणि पुढे संघाला, म्हणजे गावोगावच्या संस्थांचं दूध घेणाऱ्या मोठ्या दूध संघाला, घालते. वर्षभर तुम्हाला लिटरमागे एक रुपया कमी दिला, तर संस्थेचा नफा तेवढ्यानं फुगतो. कारभार काटकसरीनं केला तरी नफा वाढतो. अहवालात दोन्ही नफे सारखेच दिसतात. म्हणून नफा किती झाला यापेक्षा तो कुठून आला, ते आधी शोधा.

नेहमीच्या वाटा चार : संघाकडून मिळणारं कमिशन, गावातली किरकोळ विक्री, सॅम्पलच्या दुधाची विक्री आणि पशुखाद्यावरचं कमिशन. नफा-तोटा पत्रकात त्या बहुधा वेगवेगळ्या दिसतात. पाचवी वाट म्हणजे दुधातली वाढ. सभासदांकडून लिटरमध्ये घेतलेलं दूध आणि संघाला घातलेलं अधिक गावात विकलेलं दूध, या दोन बेरजा शेजारी मांडा. घेतल्यापेक्षा विकलेलं जास्त भरत असेल, तर ते जादा दूध कुणाच्या तरी किटलीतूनच आलं आहे.

हिशेब करून दाखवते. तुमचे ऐंशी सभासद, दोन वेळा दूध. प्रत्येक खेपेला सरासरी फक्त 50 मिलिलिटर कमी लिहिलं गेलं तरी दिवसाला 8 लिटर होतात, वर्षाला 2,920 लिटर. लिटरला 50 रुपये धरले तर 1 लाख 46 हजार रुपये. एकट्या माणसाला 50 मिलिलिटर कळतसुद्धा नाही. यात कुणी लबाडी केलीच पाहिजे असंही नाही. काटा शंभर-शंभर मिलिलिटरच्या टप्प्यानं दाखवत असेल, तर 4.18 लिटरचं 4.1 होतं आणि फरक रोज एकाच बाजूला पडत राहतो. काटा किती बारकाईनं मोजतो आणि त्यावर वैधमापन खात्याचा यंदाचा शिक्का आहे का, हे संकलनाच्या वेळी स्वतः उभं राहून बघा.

फॅटचंही तसंच आहे. संघाच्या पावतीवर संस्थेच्या दुधाची सरासरी फॅट येते. त्याच दहा दिवसांची संस्थेतली सभासदांची सरासरी काढा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एखाद्या पॉइंटचा, म्हणजे 0.1 टक्क्याचा, फरक राहणारच. तो कधी वर, कधी खाली असेल तर काळजी नको. संघाकडची सरासरी वर्षभर जास्तच येत असेल, तर मशिन तपासून घेण्याची मागणी लेखी करा.

आता ताळेबंद. सभासद ताळेबंदाचं पान उलटून पुढे जातात, पण माझी नजर आधी तिथेच जायची. ‘हातशिल्लक’ (पेटीतली रोख) आणि ‘तसलमात’ (कुणाच्या नावावर दिलेली, हिशेब यायची राहिलेली उचल) या दोन ओळींवर बोट ठेवा. एका संस्थेत मी हातशिल्लक मोजायला बसले होते. किर्दीप्रमाणे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे, रक्कम चांगली मोठी होती. सचिवांनी पेटी उघडली तर नोटा थोड्या आणि चिठ्ठ्याच जास्त : अमक्याच्या लग्नाला दिले, तमक्याच्या गाडीच्या हप्त्याला दिले. प्रत्येक चिठ्ठीवर संचालकाची सही होती. कागदावर संस्था भरभक्कम, आणि पैसे मात्र मंडळींच्या खिशात, तेही बिनव्याजी. दूध संस्थेत रोजच्या खर्चापुरते पैसे पेटीत असावेत, बाकी बँकेत. 31 मार्चला हातशिल्लक वाजवीपेक्षा मोठी दिसली, किंवा तसलमातीची तीच रक्कम, त्याच नावावर, दोन-तीन वर्षं पुढे ओढलेली दिसली, तर सभेत नाव घेऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पुढचा मुद्दा नफावाटणीचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागांवरचा लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही. ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. समजा तुमचे भाग 500 रुपयांचे आहेत. पूर्ण लाभांश दिला तरी 75 रुपये मिळतील, आणि ज्याची म्हैस दोन वर्षं भाकड आहे त्यालाही तेवढेच. दरफरक मात्र घातलेल्या दुधावर मिळतो. वर्षात 3,000 लिटर घातलंत आणि लिटरला एक रुपया फरक मिळाला, तर 3,000 रुपये होतात. संस्थेशी जितका व्यवहार केला तितकी वाढाव्यात वाटणी, हे तत्त्व इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी 1844 साली आपल्या दुकानात लागू केलं आणि तिथून ते जगभर गेलं. तेव्हा अहवालातलं नफावाटणीचं कोष्टक काढा. इमारत निधी, धर्मादाय निधी, सभासद कल्याण निधी अशा नावांखाली किती गेलं आणि दरफरकाला किती उरलं, ते बघा. हे कोष्टक सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. ते बदलून मागणं तुमच्या हातात आहे.

शेजारच्या गावाशी तुलना करताना एक पथ्य पाळा. नुसता दिवाळीचा आकडा धरू नका. जी संस्था दर दहा दिवसांच्या बिलात लिटरला जास्त देते, तिच्याकडे दिवाळीला कमी उरणं रास्त आहे. वर्षभराची बिलं अधिक दरफरक, भागिले एकूण लिटर, असा दर दोन्हीकडचा काढा. तुमची संस्था तिथेही मागे पडली, तरच तक्रारीला जोर येतो.

‘अ’ वर्गावर विसंबू नका. दप्तर नीट आहे, वसुली आहे, कायद्याचं पालन आहे, एवढं त्यातून कळतं. दुधाला दर चांगला मिळतो की नाही, ते त्यातून कळत नाही.

कागद मिळवायचे कसे? अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाची इतिवृत्तं, आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य बघता येतात. नकला हव्यात तर फी भरून मागता येतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणजे अर्ज ऑगस्टमध्येच गेला पाहिजे. सभेत पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका सुरू झाला की तोंडी प्रश्न वाहून जातो. लेखी प्रश्न आधी दिलेला असेल तर तो इतिवृत्तात घ्या असा आग्रह धरता येतो. आणि लेखापरीक्षकाचा पूर्ण अहवाल आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवालही (दाखवलेल्या चुका कशा सुधारल्या, हे सांगणारा) मागा. छापील पुस्तिकेत तो बऱ्याचदा नसतो आणि खरी माहिती तिथेच असते.

प्रश्न : आमचा कारखाना सहकारी. नदीपलीकडचा खासगी कारखाना पहिली उचल (ऊस बिलाचा पहिला हप्ता) जास्त देतो. मग सहकारातच खोट आहे असं म्हणायचं का?
— ऊस उत्पादक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही, असं म्हणू नका. प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या भागांवर उभा केला, 1950-51 मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. त्या शेतकऱ्यांनी अध्यक्षपदी बसवलं ते धनंजयराव गाडगीळांना, म्हणजे एका अर्थशास्त्रज्ञाला. आकड्यांची जाण असलेला माणूस खुर्चीवर हवा हे त्यांना कळत होतं. आज ज्या सहकारी कारखान्यांचा दर मागे पडतो, तिथे मला बहुतेक वेळा आकड्यांकडे झालेलं दुर्लक्षच दिसलं.

तुम्ही तीन गोष्टी तपासा. पहिली, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे वाढतात. म्हणजे 11.75 टक्के उतारा असलेल्या कारखान्याची एफआरपी 4,069 रुपये होते. दोन कारखान्यांच्या उताऱ्यात अर्ध्या टक्क्याचा फरक असेल, तर तेवढ्यानंच टनाला 173 रुपयांचा फरक पडतो.

दुसरी, तोडणी-वाहतूक. ती एफआरपीतून वजा होते आणि बहुतेक कारखाने सरासरी काढून सगळ्यांना सारखीच लावतात. तुमचा फड कारखान्यापासून चार किलोमीटरवर असला, तरी शंभर किलोमीटरवरून आणलेल्या उसाच्या भाड्याचा वाटा तुमच्या बिलातून जातो. गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, किती आणि कुठून आणला, हा प्रश्न सभेत फार कमी जण विचारतात. तो जरूर विचारा.

तिसरी, व्याज. पूर्वहंगामी कर्ज, साखरेवरचं मालतारण कर्ज, विस्तारवाढीचं कर्ज. गाळप क्षमता वाढवली आणि कार्यक्षेत्रातला ऊस होता तेवढाच राहिला, तर गाळपाचे दिवस घटतात, आणि पगार आणि हप्ते मात्र वर्षभराचे द्यावे लागतात. एकूण व्याज भागिले एकूण गाळप, असा टनामागचा खर्च काढा. माझ्या मते कारखान्याची तब्येत सांगणारा याहून सरळ आकडा नाही.

बिल लांबलं असेल तर ऊस नियंत्रण आदेश 1966 सहकारी आणि खासगी असा भेद करत नाही. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे, उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज. तक्रार पुण्याला साखर आयुक्तांकडे करा, तोडणीच्या पावत्यांच्या नकला जोडून.

प्रश्न : पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांचं विमा संरक्षण असतं का?
— निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : नसतं. ते संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. 4 फेब्रुवारी 2020 पासून ते प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत आहे. पतसंस्था बँक नव्हे. आयुष्यभराची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवली असेल तर मुदत संपेल तशी विभागा. इतरांपेक्षा दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या संस्थेला ते परवडतं कसं, हे तिच्या थकबाकीच्या आकड्यांवरून पडताळल्याशिवाय नवी ठेव ठेवू नका.

प्रश्न : मी गावच्या विकास सोसायटीत महिला राखीव जागेवर संचालक आहे. निवड झाल्यापासून मला बैठकीला कधी बोलावलं नाही. शिपाई इतिवृत्ताचं बुक घरी आणतो, मिस्टर म्हणतात सही करून टाक. मला भीती वाटते.
— एक संचालिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमची भीती योग्य आहे. तिच्याकडे कुणी ‘बायकांचं काहीतरीच’ म्हणून बघू नये. संचालक मंडळानं घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी कायद्यानं सगळ्या संचालकांवर एकत्रित आणि वैयक्तिक अशी दोन्ही प्रकारे येते. संस्थेचं नुकसान झालं तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 88 प्रमाणे चौकशी होऊन रक्कम व्याजासह वसूल होऊ शकते. ‘मी बैठकीला नव्हते’ हे तुमचं म्हणणं तुमचीच सही खोटं पाडेल. अशा चौकशांत मी घरात बसून सह्या केलेल्या बायकांना पदराला डोळे पुसताना पाहिलं आहे. सही करायला लावणारा माणूस त्या वेळी शेजारी नसतो.

पुढच्या वेळी बुक आलं की सही न करता परत पाठवा. सचिवांच्या नावानं साधं पत्र द्या : बैठकीची सूचना आणि विषयपत्रिका मला लेखी मिळावी, मी हजर राहणार आहे. पोच घ्या. ती मिळाली नाही तर तेच पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि एक प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांना. मिस्टरांना कलम 88 दाखवा. वसुलीची नोटीस तुमच्या नावानं निघेल हे वाचल्यावर त्यांचं म्हणणं बदलेल असं मला वाटतं.

बैठकीत पहिल्या दिवशी बोलता आलं नाही तरी चालेल. कर्जमंजुरीची यादी आली की तीन रकाने वाचा : सभासदाचं नाव, जुनी थकबाकी, नवी रक्कम. जुनं भरलेलं नसताना त्याच नावावर मोठी रक्कम मंजूर होत असेल, तर ‘माझा विरोध नोंदवा’ एवढंच म्हणा आणि तो लिहिला गेल्याचं पाहूनच सही करा. आधीच्या ज्या बैठकांवर सह्या झाल्या आहेत, त्यांची इतिवृत्तं मागवून वाचा. काही खटकलं तर त्या ठरावांचे क्रमांक या सदराच्या पत्त्यावर लिहून पाठवा. नाव छापणार नाही. मी वाचून तुम्हाला स्वतंत्र उत्तर देईन.