खिडक्या धुण्याच्या व्हॅनमधला पंप सारखी हवा धरतो, मोठा पंप घेऊ का?

नको. टाकी भरलेली असताना हाच पंप दुपारपर्यंत व्यवस्थित चालतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पंप मेलेला नाही. पण 'फिटरने रीलवरची नळी बदलून दिली, तरी तेच' हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. हवेच्या नावाखाली लोकांना शंभर मीटर नळी बदलायला लावणारे फिटर माझ्या डोक्यात जातात.

मांडणी नेहमीचीच धरतो: ५०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा १०० पीएसआयचा डायफ्रॅम पंप (आतला रबरी पडदा मागेपुढे होऊन पाणी ढकलणारा), त्याचा वेग ठरवणारा कंट्रोलर, रीलवर १०० मीटर मायक्रोबोअर म्हणजे बारीक नळी, पुढे उंच खिडक्यांपर्यंत पोचणारा पोल आणि त्यावर ब्रश. ६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १०० मीटर नळीत पाणी मावतं २.८ लिटर. नळी पूर्ण रिकामी असली तरी मिनिटाला दीड लिटरच्या हिशेबाने दोन मिनिटांत भरते. ती इतकी बारीक असते की पाण्याला हवेच्या बाजूने निसटायला जागाच नसते. पाणी हवेला पुढे ढकलत ब्रशमधून बाहेर काढतं. ब्रश थोडा फुरफुरेल, तोटी बंद केल्यावरही थोडा वेळ गळत राहील, कारण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पाणी ढकलते. बस, एवढंच. डिलिव्हरीतल्या, म्हणजे पंपाच्या पुढच्या नळीतल्या हवेने काम थांबत नाही. काम थांबतं ते सक्शनमधून, म्हणजे टाकीकडून पंपात येणाऱ्या पाइपमधून शिरून पंपाच्या डोक्यात बसलेल्या हवेने.

ती तिथे का बसते ते कळलं की बाकी सगळं कळतं. तोटी बंद केलीत की रीलवरची नळी चार-पाच बार दाबाने ताठ राहते. तो दाब पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हला बाहेरून घट्ट दाबून धरतो. आत पाण्याऐवजी हवा असेल तर डायफ्रॅम तिला दाबतो, ती आकसते, पण व्हॉल्व्ह उघडेल इतका दाब काही तयार होत नाही. डायफ्रॅम मागे आला की तीच हवा पुन्हा फुलते, त्यामुळे सक्शनचा व्हॉल्व्हही उघडत नाही. पंप तीच वाटीभर हवा दाबत-सोडत बसतो. ओळखायची खूण म्हणजे तोटी बंद असूनही कंट्रोलर डेड-एंड (पंपाचा करंट वाढला की पुढे वाट बंद आहे असं समजून पंप थांबवणं) दाखवत नाही आणि पंपाचा आवाज एकदम हलका, पोकळ होतो. ओझंच नाही, मग करंट वाढणार कुठून? अशा वेळी कंट्रोलरचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो किती करंटला थांबतो ते, बदलत बसू नका, नंतर भलत्याच ठिकाणी डेड-एंड यायला लागतो.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका व्हॅनचं सांगतो, कारण तुमचे सगळे उपाय तिच्यावर आधीच होऊन गेले होते. नवी नळी झाली, नवा कंट्रोलर झाला, मोठा पंपही झाला. तक्रार हीच: सकाळी ठीक, दुपारनंतर हवा, आणि तीही बहुतेक काही ठरावीक गल्ल्यांत. 'काही गल्ल्यांत' हे ऐकल्यावर पंप उघडायचाच नसतो, रस्ता बघायचा असतो. शेफील्ड हे टेकड्यांचं शहर. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ८० रुंद, आणि तिचं आउटलेट मागच्या दाराकडे, पंपाजवळ. दहाला एक असा चढ असेल तर टाकीच्या दोन टोकांमध्ये पाण्याच्या पातळीत १२ सेंटिमीटरचा फरक पडतो. व्हॅनचं तोंड उताराकडे असेल तर पाणी पुढे सरकतं आणि आउटलेट उघडं पडतं, तेव्हा टाकीत अजून जवळपास ५७ लिटर पाणी शिल्लक असतं. गेजवर पाणी दिसतंय आणि पंप हवा ओढतोय! उपाय फुकटातला आहे: आउटलेट उताराच्या बाजूला येईल अशी गाडी लावा, म्हणजे या व्हॅनचं तोंड चढाकडे. ते जमत नसेल तर ७० लिटर उरले की टाकी रिकामी समजायची.

पण त्या व्हॅनचं दुखणं एवढ्यावर थांबलं नव्हतं, सपाट रस्त्यावरही ती कधीकधी हवा धरायची. दुसरा दोषी निघाला स्ट्रेनर, पंपाच्या तोंडावरची ती पारदर्शक वाटी. जाळी धुवायला वाटी दर आठवड्याला उघडली जायची आणि तिची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, कोरडीच परत बसवली जायची. ती एका जागी चिमटली होती. गंमत अशी की टाकी भरलेली असली की तिथून पाण्याचा एखादा थेंब बाहेर येतो आणि व्हॅनच्या ओल्या फरशीवर कोणाच्या लक्षात येत नाही. टाकीतलं पाणी उतरलं की त्याच फटीतून हवा आत जाते. तपासायचं असेल तर टाकी काठोकाठ भरा, पंप बंद ठेवा आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबा. ज्याचा कागद ओला झाला तो जोड चोर. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. पेट्रोलियम जेली नको, काही रबरं तिने फुगतात. वाटी हाताने आवळा, पान्याने नाही.

तिसरी गोष्ट सक्शनच्या पाइपची. व्हील आर्चवरून, म्हणजे चाकावरच्या उंचवट्यावरून नेताना त्याला उंटासारखी पाठ आली होती. त्या उंचवट्यावर बुडबुडे साठतात आणि एखाद्या धक्क्याने सगळे एकदम पंपात जातात. पंप टाकीच्या आउटलेटपेक्षा खाली हवा आणि पाइप पंपापासून टाकीकडे सलग चढता हवा, म्हणजे बुडबुडे आपल्या पायांनी टाकीत परत जातात. पाइप निदान अर्धा इंची, आत स्पायरल असलेला घ्या. मऊ नळी ओढीने चपटी होते आणि आपण उगाच हवेला शिव्या देत बसतो. पंप उभा लावत असाल तर डोकं खाली आणि मोटर वर ठेवा, गळलं तर पाणी मोटरमध्ये जाणार नाही.

आणि काढून टाकलेला जुना पंप? उघडल्यावर व्हॉल्व्हखाली प्लास्टिकचा किस निघाला, टाकीला भोक पाडताना आत पडलेला. असा पंप पाणी ढकलतो, पण हवा ढकलू शकत नाही, कारण हवेला तेवढी फटही पुरते. किसाऐवजी कधी डीआय रेझिनचे, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या गाळणीतले मणीही सापडतात. व्हॉल्व्ह धुऊन लावले आणि तोच पंप पुन्हा चालला. मोठ्या पंपाचे पैसे अर्थातच परत आले नाहीत.

आता हवा अडलीच असेल तर काय करायचं. आधी ब्रशकडची तोटी उघडून नळीतला दाब सोडा. मग पंपाला लागून पुढे असलेला पहिला जोड सोडा, त्याखाली बादली धरा आणि कंट्रोलर पूर्ण वेगावर टाका. हळू वेगावर पंप हवा उचलत नाही. टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी. वीस-तीस सेकंदांत धार बांधली जाईल. ती पांढरट येतेय तोवर थांबा, स्वच्छ झाली की जोड लावा. क्विक कनेक्टर वॉटरस्टॉपवाला असेल तर सोडल्याबरोबर तो स्वतःच बंद होतो आणि दाब आतच राहतो. तिथे साधाच कनेक्टर लावा. मिनिटभरात पाणी आलंच नाही तर पंप बंद करून सक्शनच्या पाइपमध्ये कपभर पाणी ओता, कोरडे व्हॉल्व्ह भिजले की पकड येते. घरच्या नळाचा दाब थेट पंपाच्या इनलेटला मात्र देऊ नका, तो त्यासाठी बनलेला नसतो.

हे दर वेळी करायला नको असेल तर पंपाच्या पुढे लगेच एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवा, तिच्यावर पाव वळणाचा बॉल व्हॉल्व्ह, आणि तिथून बारीक नळी टाकीच्या झाकणातून आत सोडा. टाकी भरली की व्हॉल्व्ह पंधरा सेकंद उघडा, हवा टाकीत परत. माझ्या मते व्हॅनच्या सगळ्या साहित्यात सगळ्यात जास्त उपयोगाचा भाग हाच, आणि तयार बांधून मिळणाऱ्या सिस्टिममध्ये पुष्कळदा हाच गाळलेला असतो.

आता फूटव्हॉल्व्हबद्दल, म्हणजे पाइपमधलं पाणी मागे जाऊ न देणाऱ्या एकमार्गी व्हॉल्व्हबद्दल, कारण तुम्हाला कोणीतरी तो सुचवणारच. माझा भागीदार मिरजेकडचा, विहिरीवरच्या मोटरी बघत वाढलेला. 'सक्शनला फूटव्हॉल्व्ह टाक, हवा धरणारच नाही' हे त्याचं वर्षानुवर्षांचं पालुपद. विहिरीत त्याचं बरोबर आहे. तिथे पाणी खाली, मोटर वर, आणि सेंट्रिफ्युगल पंपाला हवा ओढताच येत नाही, म्हणून पाइपमधलं पाणी धरून ठेवावं लागतं. इथे पाणी वर आणि पंप खाली आहे. पाणी मागे जाणारच नाही, तर अडवायचं कोणाला? उलट त्या व्हॉल्व्हमुळे टाकीकडे परत जाणारे बुडबुडे मध्येच अडतात आणि ओढीला अडथळा वाढतो तो वेगळाच. शेफील्डच्या व्हॅनमध्येही एक व्हॉल्व्ह होता, तो काढून टाकल्यावर पंप दोन सेकंदांत पाणी धरायला लागला. भागीदाराचं म्हणणं, तो ओ-रिंगचा परिणाम. ओ-रिंग आदल्या दिवशीच बदलली होती, हे तो सोयीने विसरतो.

एक गोष्ट वर राहिली: झाकणाचा श्वास. झाकणाचं बारीक भोक बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते, धार मरते आणि लक्षण हुबेहूब हवेसारखंच दिसतं. झाकण सैल करताना फुस्स आवाज आला तर बाकी काही शोधू नका. बॅटरीचा व्होल्टेजही बघून घ्या, अर्धमेल्या बॅटरीवर पंप हवा उचलत नाही.

हे सगळं थंड पाण्याच्या सिस्टिमसाठी आहे. डिझेल हीटर असेल तर गरम होताना पाण्यात विरघळलेली हवा सुटते. ती हीटरच्या सगळ्यात उंच जागी साठते, तिथे हवा सोडायला वेगळा ब्लीड लागतो आणि ते काम हीटरवाल्याकडूनच करून घ्या. थंडीत पाणी गोठू नये म्हणून रात्री पंप रिकामा करत असाल तर सकाळी हवा असणारच, तो बिघाड नाही. टीचा व्हॉल्व्ह उघडा, पंधराऐवजी चाळीस सेकंद थांबा.